उज्वलाचा निळा टाका

महाड औद्योगिक वसाहतीतल्या अकरा लहान कारखान्यांच्या गुणवत्तेच्या फायली मी लिहिल्या आहेत. जाड पुठ्ठा, आत साठ-सत्तर पानं, प्रत्येक पानाच्या तळाला माझी बारीक सही. तंत्रनिकेतनातून निवृत्त झाल्यावर घरी बसून बायकोच्या कामात नाक खुपसण्यापेक्षा हे बरं म्हणून सुरू केलं, आणि बघता बघता लोक मला 'आयएसओवाले सर' म्हणू लागले. या अकरा कारखान्यांत गुणवत्ता खरोखर कळलेली माणसं किती भेटली, असं कुणी विचारलं तर मी एकच नाव सांगेन. उज्वला. शिक्षण नववी. तिचा घात झाला, आणि तो करणाऱ्यांत मी होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी स्वतःला कुठे सावरून घ्यायला लागलो तर तुमच्या लक्षात येईल.

येसाजीचा कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. तिथे फिल्टरच्या पिशव्या शिवतात. रासायनिक कारखान्यात माल आणि पाणी वेगळं करायला गरगर फिरणारं मोठं यंत्र असतं, घरातल्या कपडे पिळायच्या मशीनसारखंच, फक्त खोलीएवढं. त्याच्या आत जाड पांढऱ्या कापडाची पिशवी बसवतात. पाणी बाहेर जातं, माल पिशवीत राहतो. शिवण उसवली तर माल गटारात. एवढी साधी गोष्ट आहे, आणि त्या एवढ्याशा गोष्टीवर बावीस बायकांची घरं चालतात.

येसाजी मूळचा पोलादपूर तालुक्यातला, कापड्याकडचा. मुंबईत ताडपत्र्या शिवायचा. वीसेक वर्षांपूर्वी परत आला आणि तीन मशीन टाकून बसला. त्या पहिल्या तिघींपैकी एक उज्वला. बिरवाडीजवळच्या बौद्धवाडीत तिचं सासर. नवरा काशीराम वीर स्टेशनवर रिक्षा चालवतो. गाडी आली की महाडच्या सीटा भरायच्या, लेट असली की मागच्या सीटवर पाय दुमडून झोपायचं. घरात नियमाने पैसे आणणारी उज्वलाच होती, आणि ती ते कधी बोलून दाखवायची नाही.

पहिल्याच वर्षी एक पिशवी परत आली. बुडाशी सुईची दोन चुकार भोकं. येसाजीने तिघींना समोर उभं केलं आणि विचारलं, ही कुणी बघितली होती? तिघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिल्या. सांगता येईना, कारण सगळ्या पिशव्या सारख्याच. उज्वलाच्या ते मनाला लागलं. दुसऱ्या दिवशी ती घरून निळ्या दोऱ्याचं रीळ घेऊन आली, आणि आपण बघितलेल्या प्रत्येक पिशवीच्या काठाला आतून तीन तिरपे टाके हाताने घालू लागली. कुणी सांगितलं नव्हतं. येसाजीने विचारलं तर म्हणाली, "मी बगितली ह्ये मला तरी कळाया नको?" निळाच का, तर पांढऱ्यावर उठून दिसतो म्हणून, असं ती सांगायची. मला ते पुरतं पटलेलं नाही, पण तो तिचा प्रश्न.

पुढे येसाजीने तिला काचेचं टेबल करून दिलं, काचेखाली चार ट्यूबलाइट. पिशवी पसरली की चुकलेलं भोक लख्ख दिसतं. ते कुणालाही दिसतं. पण शिवण ती डोळ्यांनी कमी आणि अंगठ्याने जास्त बघायची. शिवण बोटांतून सरकवताना नजर खिडकीबाहेर, आणि मध्येच अंगठा थांबायचा. तिथे टाका सैल असायचाच. दोऱ्याचं नवं रीळ आलं की त्याचा वीतभर तुकडा ती कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात भिजत घालायची आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही हातांनी ओढून बघायची. हे मी तिला शिकवलं नव्हतं. पुढे मीच ते तिच्याकडून उचललं आणि दुसऱ्या एका कारखान्याच्या फायलीत माझं म्हणून घातलं.

वसाहतीतल्या स्टोअरवाल्यांना हळूहळू त्या टाक्याची सवय झाली. येसाजीची पिशवी आली की ते काठ उलटा करून बघायचे. निळा टाका असला की सही. बाकी तपासणी नाही, काही नाही. पेणपासून खेडपर्यंतच्या पार्ट्या नुसत्या त्या टाक्यावर माल घ्यायच्या, आणि येसाजी हे सगळ्यांना कौतुकाने सांगायचा. एकदा त्याची एक मोठी ऑर्डर अडली होती, टेम्पो दारात उभा, आणि उज्वलाने चौदा पिशव्या बाजूला काढल्या. येसाजी तिच्यावर इतका ओरडला की मशीन थांबल्या. तिने टाके काही घातले नाहीत. शेवटी तो स्वतः मशीनवर बसला आणि चौदाच्या चौदा उसवून परत शिवल्या. नंतर मला म्हणाला, "सर, उज्वला नाय म्हनली की मी पन नाय म्हनतो. तिच्यामुळं माझं चाललंय." तेव्हा तो खरं बोलत होता. म्हणूनच पुढचं जास्त झोंबतं.

मग येसाजीचा मुलगा ऋत्विक पुण्याहून शिकून आला. पोरगा वाईट नाही, हे मला सांगितलं पाहिजे. त्याने गुळगुळीत कागदावर तीन वर्षांचा बिझनेस प्लॅन छापून आणला होता. सगळे बाण वर जाणारे. खाली जाणारा बाण मी आजवर कुठल्याही बिझनेस प्लॅनमध्ये पाहिलेला नाही. दुप्पट माल, गुजरातच्या पार्ट्या, त्यासाठी सर्टिफिकेट, आणि सर्टिफिकेटसाठी मी. पहिल्या बैठकीत ऋत्विकने विचारलं, सर, आपल्या मालाची ओळख काय करायची? लोगो, ब्रँड, असं काहीतरी. मी चहाचा घोट घेतला आणि मोठ्या ऐटीत म्हणालो, "ओळख आहे की तुमच्याकडे. निळा टाका."

हे मी म्हणालो. ऋत्विक नाही, येसाजी नाही. सुचलं म्हणून माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली होती.

ठरलं असं, की हाताने टाके घालत बसण्यात वेळ जातो, तेव्हा शिवतानाच मशीनवर ते तीन टाके प्रत्येक पिशवीला घालायचे. लेबलवर तेच चित्र छापायचं. उज्वलाला बोलावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "पन सर, मी बगायच्या आधीच टाका पडला, तर मी बगितली ह्ये कसं कळायचं?"

सबंध फायलीत एवढा नेमका प्रश्न कुणी विचारलेला नाही. मी तिला म्हणालो, "त्यासाठी कॉम्प्युटरवर नोंद असेल ना उज्वलाताई. तुमच्या नावापुढे पास किंवा नापास. टाका नुसता शोभेला." आणि येसाजीने तिच्या टेबलाच्या काचेवर हात ठेवून सांगितलं, "तुझ्या टेबलावरून गेल्याबिगर एक पिशवी भायेर जानार नाय गो. माझा शब्द हाय." तिला तेवढं पुरलं. मशीनवाल्या बायकांना तो तिरपा टाका कसा पाडायचा ते तिनेच आठवडाभर उभं राहून शिकवलं. तिच्या घराशेजारच्या कमळाबाईच्या हातात तो नीट बसत नव्हता, तर तिच्या मागे उभी राहून तिचा हात धरून शिकवला. छापील लेबलं आली तेव्हा एक घरी नेऊन काशीरामला दाखवलं. आपला हात सगळ्यांत वाटून टाकावा आणि वर त्याचा अभिमान वाटावा, अशी चूक विश्वासू माणूसच करतो. तिने ती केली.

वर्षभर ठीक चाललं. सर्टिफिकेट आलं, भिंतीवर लागलं. मग वीस मार्च आला.

वीस मार्चला उज्वला कधीच कामावर नसते. चवदार तळ्यावर माणसांचा पूर लोटतो, आणि लांबून आलेल्यांना पाणी द्यायला तिच्या वाडीतल्या बायका पहाटेपासून उभ्या असतात. लग्न होऊन आल्यापासून तिने एकही वर्ष चुकवलेलं नाही. येसाजीला हे इतकं ठाऊक होतं की त्या दिवशी तो कुठला माल बाहेर पाठवायचाच नाही. त्या वर्षी मात्र एका मोठ्या पार्टीला एकशे साठ पिशव्या हव्या होत्या आणि त्या पार्टीचे फोनवर फोन येत होते.

एकोणीस तारखेला संध्याकाळी मी शेडमध्ये होतो, पुढच्या ऑडिटची कागदपत्रं बघायला. उज्वलाने मला टेबलाजवळ बोलावलं. एका भांड्यातून तिने भिजलेला दोरा काढला, दोन्ही हातांत धरला आणि जरासा ओढला. तो तुटला, म्हणजे आवाजही न होता दोन झाला.

"नवीन रीळ हाय, सर. ऋत्विकनं दुसरीकडून मागवलंय, स्वस्तातलं. पिशव्या चांगल्या शिवल्यात बायांनी. दोराच खोटा हाय. त्यांच्या मशीनीत गरम सोडा असतो, दोन फेऱ्यांत उसवंल."

चाळीस पिशव्या जुन्या दोऱ्याच्या होत्या, त्या तिने पास केल्या. एकशे वीस बाजूला लावल्या आणि प्रत्येकीला लाल लेबल बांधलं. माझ्या डोळ्यांदेखत. लेबलं बांधायला तिच्याबरोबर मीही हात लावला, दहा-बारा मी बांधली असतील. तिने येसाजीला सांगितलं, दादा, ह्या थांबल्यात, परवा दोरा बदलून घेऊ. येसाजी हो म्हणाला. ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती तळ्यावर पाणी देत असताना एकशे साठच्या एकशे साठ पिशव्या टेम्पोतून गेल्या. सगळ्यांच्या काठाला निळा टाका होता, शिवतानाच घातलेला. लाल लेबलं येसाजीने स्वतः कापली. कॉम्प्युटरवर उज्वलाच्या नावापुढे एकशे वीस वेळा 'पास' कुणी भरलं ते मला माहीत नाही. तिचा पासवर्ड स्क्रीनच्या कोपऱ्याला चिकटवलेला होता, कारण तिला विसरायला होईल म्हणून मीच तो तिथे चिकटवायला सांगितला होता.

दहा दिवसांत पिशव्या उसवल्या. त्या कंपनीचा मालाचा अख्खा एक घाणा गटारात गेला. पत्र आलं: मूळ कारण काय ते लेखी कळवा, आमच्या गुणवत्ता अधिकारी स्वतः येऊन तपासतील, समाधान झालं नाही तर पुढचा माल बंद. ती कंपनी म्हणजे येसाजीचा अर्धा धंदा.

अधिकारी यायच्या अर्धा तास आधी आम्ही चौघे केबिनमध्ये होतो. येसाजी, ऋत्विक, उज्वला आणि मी. ऋत्विक फोनमध्ये डोकं घालून बसला होता. येसाजीच बोलला.

"उज्वला, माझ्याकडनं झालं. मीच लेबलं काढली. पार्टीचं इतकं टेन्शन होतं, मला वाटलं चालून जाईल. पन आता मॅडमसमोर मी असं बोललो, की तपासनीस नाय म्हनत असताना मालकानं माल सोडला, तर आपलं सर्टिफिकेट जातंय. पार्टी जातेय. बावीस बाया घरी. तुझी कमळाबाई पन. तू एवढंच म्हन, माझ्या नजरेतून सुटलं. चूक मानसाकडनं होते. कागद फायलीत जाईल, कोन वाचतंय?"

"मी नाय सोडल्या दादा," ती म्हणाली. "मी बांधून ठेवल्या होत्या."

"मला ठाऊक हाय गो. मी काय तुला दोष देतोय? तुझं काम हाय तसं ऱ्हाईल. माझा शब्द हाय."

दुसऱ्यांदा शब्द दिला. तिने माझ्याकडे बघितलं. तिला काही मागायचं नव्हतं. मी लेबलं बांधली होती, मी बोलेन, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं. आणि मी काय केलं? मी माझा आवाज मऊ केला आणि म्हणालो, "उज्वलाताई, आमच्या भाषेत याला मानवी चूक म्हणतात. त्यात कुणाचं नाव नसतं. हे तुमच्या अंगाला लागणार नाही." चाळीस वर्षं शिकवण्यात गेली माझी. खोटं कसं समजावून सांगायचं ते मला चांगलं येतं.

अधिकारी आल्या, तेजश्री मॅडम, तिशीच्या आतल्या, हुशार आणि सरळ. त्यांनी कॉम्प्युटरवरच्या नोंदी बघितल्या, पिशवीचा निळा टाका बघितला आणि थेट उज्वलालाच विचारलं, "या तुम्ही तपासल्या होत्या?"

उज्वला तोंड उघडायच्या आत येसाजी म्हणाला, "तिनंच तपासल्या मॅडम. इतक्या वर्षांत पयल्यांदाच असं झालं. निळा टाका तिचाच हाय, कुनालाही विचारा."

ती त्याच्याकडे वळून बघत राहिली. कबूल करायचं ठरवलं होतं तिने, पण तिच्या तोंडून. आपल्याच टाक्याचा दाखला आपल्याविरुद्ध येसाजी देईल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. मॅडमनी पुन्हा विचारलं. उज्वला म्हणाली, "हो." आणि मी लिहिलेल्या कागदावर सही केली. मूळ कारण: मानवी चूक, तपासनीसाचं दुर्लक्ष. उपाय: तपासनीसाला पुन्हा प्रशिक्षण. तारीख, सही, शिक्का.

ते पुन्हा प्रशिक्षण मलाच द्यावं लागलं. फायलीत पुरावा लागतो ना. दोन तास मी तिला शिवण कशी बघायची ते शिकवलं. ती समोर बसून ऐकत होती, मध्ये एकदाही हसली नाही, एकदाही टोकलं नाही. शेवटी दहा प्रश्नांचा पेपर दिला. दहापैकी दहा. मी तो पेपर पंच करून फायलीत लावला, अजून तिथेच आहे.

तिच्या अंगाला लागणार नाही म्हणालो होतो मी. आठवड्याभरात कंपनीचं पत्र आलं, आमचा माल या तपासनीसाने तपासू नये. ऋत्विकने टेबलावर अंकिता नावाच्या मुलीला बसवलं आणि उज्वलाला दाराजवळ, सुटे दोरे कापायला. ज्या बावीस जणींसाठी तिने सही केली त्यांना आतलं काही माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी उज्वलाच्या हलगर्जीपणाने त्यांची भाकरी जाता जाता वाचली होती. कमळाबाई तिच्याशी बोलायची बंद झाली. वाडीतून कामावर येताना पुढे-मागे चालायच्या दोघी.

तीन आठवडे तिने दोरे कापले. तयार पिशव्या तिच्यासमोरून जायच्या, काठाला तिचे तीन टाके. मग एक दिवस ती येसाजीच्या केबिनमध्ये गेली. मी तिथेच होतो. तिने पगाराचं विचारलं नाही, टेबल परत मागितलं नाही. म्हणाली, "दादा, टाका बदला. हिरवा घाला, लाल घाला. माझा काढून टाका."

येसाजीला खरंच वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. पण तो म्हणाला, "आता तो कंपनीचा झाला गो. लेबलवर छापलाय. रजिस्टर केलाय ऋत्विकनं."

तिने कात्री त्याच्या टेबलावर ठेवली आणि निघून गेली. परत आली नाही. त्या दिवशी मला इतकी लाज वाटली की घरी जाऊन जेवलो नाही. लाज वाटणं आणि काही करणं यात फार अंतर असतं. मी नुसता जेवलो नाही.

पुढच्या काही महिन्यांत वसाहतीतल्या दोन मालकांनी मला फोन करून विचारलं. सर, ती उज्वला काम मागायला आली होती, कशी आहे? दोन्ही वेळा मी म्हणालो, "बाई चांगली आहे, पण..." त्या 'पण'नंतर मी काय बोललो ते लिहायची गरज नाही. अशा ठिकाणी 'पण' पुरतो. वर्षानुवर्षं जिच्या टाक्यावर डोळे मिटून माल घेतला, तिलाच स्टोअरवाले आता चहाच्या टपरीवर डोळे मिटून काम करणारी म्हणू लागले. त्यांच्याकडच्या कुठल्याही कागदावर तिचं नाव नव्हतं. त्याची गरजच पडली नाही, इथे सगळ्यांना सगळं ठाऊक असतं, खरं तेवढं सोडून.

यंदाच्या हिवाळ्यात पोलादपुरात बचतगटांच्या बायकांसाठी माझं व्याख्यान ठेवलं होतं. विषय, छोट्या व्यवसायात गुणवत्ता. साठेक बायका आल्या होत्या, आंबेनळी घाटाखालच्या वाड्यांमधून, बरोबर आपापला माल घेऊन. कोकमाचं आगळ, नाचणीचे पापड, मध. अशा व्याख्यानात मी एक उदाहरण नेहमी देतो. एका कारखान्यात एक तपासनीस बाई होती, तिची एक खूण होती, सगळे त्या खुणेवर विश्वास ठेवायचे. हळूहळू बाईला त्याचा गर्व झाला, बघायचं बंद झालं, नुसती खूण करायची. आणि एक दिवस एकशे वीस पिशव्या फाटल्या. मी नाव घेत नाही, तेवढी सभ्यता आहे माझ्यात. हे उदाहरण मी सात ठिकाणी दिलंय. बायका 'अगं बाई' म्हणतात, मला बरं वाटतं. सहाव्या-सातव्या खेपेला ते मलाच खरं वाटायला लागलं होतं.

उदाहरण संपलं आणि मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "सर, त्या बाईनं त्या पिशव्या बगितल्या होत्या का नव्हत्या?"

आवाज आधी ओळखला, मग चेहरा. शेवटच्या ओळीत, मधाच्या बाटल्यांची पिशवी मांडीवर घेतलेल्या एका म्हातारीशेजारी ती उभी होती. तिच्या बहिणीच्या गावचा तो गट होता, हे मला नंतर कळलं. केस बरेच पिकले होते.

"बघितल्या होत्या," मी म्हणालो.

"मंग पास केल्या होत्या?"

सगळ्या बायका मागे वळून तिच्याकडे, आणि मग पुढे वळून माझ्याकडे बघायला लागल्या. त्या क्षणी खोटं बोलणं मला जमेना. "नाही," मी म्हणालो. "तिने त्यांना लाल लेबलं लावली होती. मी स्वतः पाहिलंय." आणि मग सगळंच सांगितलं. खोटा दोरा, वीस मार्च, येसाजीने कापलेली लेबलं, कॉम्प्युटर, केबिनमधली अर्ध्या तासाची बैठक. तो कागद मी लिहिला, हेही सांगितलं. दहा मिनिटं लागली. बोलता बोलता मला हलकं वाटू लागलं, खरं सांगायचं तर थोडं थोरही वाटू लागलं. शेवटी मी हात जोडले आणि म्हणालो, "उज्वलाताई, माझं चुकलं."

मला वाटलं ती रडेल, किंवा चार शब्द सुनावेल, किंवा जाऊ द्या सर असं काहीतरी म्हणेल. तिने पदर सारखा केला.

"ह्ये तुम्ही तिथं बोलायचं होतं, सर. त्या मॅडमसमोर. हितं मला कोन वळखतं?"

आणि ती खाली बसली. म्हातारीने तिला बाटली धरायला दिली. माझं व्याख्यान अजून पाऊण तास बाकी होतं, ते मी पुरं केलं, काय बोललो ते आठवत नाही.

त्याला आता पाच महिने झाले. हे लिहितानाही मी येसाजीच्या कारखान्याचं नाव घातलेलं नाही, कंपनीचं नाही, माझंही नाही. ऋत्विकचं पुढचं ऑडिट पावसाळ्यानंतर आहे आणि त्याची फाइल माझ्याकडेच आहे. तेजश्री मॅडमचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. तो मी अजून लावलेला नाही.